ते चौदावं गाणं ऐकलं का तुम्ही?

चौदावं गाणं संपत आलेलं असतं. सव्वीस वर्षांचा पोरगा, केस डोळ्यांवर आलेले, अंगात ढगळ हिरवट स्वेटर, मांडीवर डावखुरी गिटार. इतका वेळ तो जवळजवळ पुटपुटत गात होता. शेवटच्या कडव्याला मात्र तो आवाज थेट वरच्या सप्तकात नेतो आणि तिथे तो आवाज फाटतो, गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, मागचा चेलो आणि ड्रम त्याला गाठायला धावतात, आणि अगदी शेवटच्या ओळीतले दोनच शब्द उरलेले असताना तो थांबतो. श्वास घेतो. मायक्रोफोनमधून तो श्वास आपल्याला लख्ख ऐकू येतो. त्या श्वासासरशी इतका वेळ मिटलेले डोळे उघडतात, समोर बघतात, आणि मग उरलेले शब्द येतात. गाणं संपतं.

माय वं! मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. कधी उठले ते आठवत नाही. अकोल्याला जठारपेठेत मामेभावाच्या घरी आम्ही बसलो होतो, समोर गिल्या वड्याची ताटली तशीच पडलेली, आणि त्याचे तीन मित्र टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. "पायलं?" दादा म्हणाला. "पायलं का बाई तू? तीस वर्सं झाली आमाले, अजून तिथं आलं का अंगावर काटा येते."

त्या रात्रीपासून मी भेटेल त्याला हेच विचारत सुटले आहे. इकडे अमरावतीत शाळेतल्या सहशिक्षिकांना विचारलं, राजापेठेतल्या किराणावाल्या काकांना विचारलं, बडनेऱ्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारलं. आता तुम्हाला विचारते.

बँडचं नाव निर्वाणा. कार्यक्रमाचं नाव 'एमटीव्ही अनप्लग्ड'. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओत तो चित्रित झाला आणि १६ डिसेंबरला अमेरिकेत टीव्हीवर दाखवला गेला. गाणारा कर्ट कोबेन. बेस वाजवणारा उंचच उंच क्रिस्ट नोव्होसेलिक, ड्रमवर डेव्ह ग्रोल, जोडीला गिटारवर पॅट स्मिअर आणि चेलोवर लोरी गोल्डस्टन ही बाई. चौदा गाणी, सलग, एकही पुन्हा न घेता. पुढच्या एप्रिलच्या ५ तारखेला कर्टने स्वतःचं आयुष्य संपवलं. मधे जेमतेम साडेचार महिने.

ही माहिती आज कुणालाही मिळेल. मला ती मिळाली चार मध्यमवयीन वऱ्हाडी माणसांच्या तोंडून, एकमेकांची वाक्यं तोडत, एकमेकांवर ओरडत, आणि म्हणूनच मला ती इतकी लागली. माझ्या घरात इंग्रजी गाणं कधी वाजलंच नव्हतं. आमच्याकडे सकाळी तुकडोजी महाराजांची खंजिरी, दुपारी विविध भारती, आणि रात्री बाबांच्या आवडीची सुरेश भटांची गझल, शक्यतो भीमराव पांचाळेंच्या आवाजात. या घरातून आलेल्या बाईला अमेरिकेतला एक रॉक बँड असा गदागदा हलवेल, असं मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

आधी हे चौघे कोण ते सांगते. दादा वीज खात्यात आहे. एकाचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतं विकतो. एक जण पोरांना गिटार शिकवतो. चौथा शेती बघतो, मूर्तिजापूरकडचा. ९३-९४ साली हे सगळे इंजिनिअरिंगला होते आणि अकोल्यात एका वाड्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. १९९१ साली स्टार टीव्ही आला आणि त्याच्यासोबत एमटीव्ही आला. गच्चीगच्चीवर छत्र्या लागल्या, केबलवाल्याची काळी वायर खिडकीतून आत आली, आणि कापसाच्या या गावात रात्री अकरानंतर चार पोरं सिअ‍ॅटलचा आवाज ऐकू लागली. रंगीत टीव्ही घरमालकांचा. तो दिवाणखान्यात. आवाज इतका बारीक ठेवायचा की चौघांनी टीव्हीला कान लावून बसायचं.

९४ च्या उन्हाळ्यात, कर्ट गेल्याची बातमी आल्यानंतर, त्यांनी 'अनप्लग्ड' पाहिलं. अकोल्याचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. रात्री बारालाही भिंती गरम. कूलर लावावा तर गाणं ऐकू येत नाही, म्हणून कूलर बंद. चौघे बनियनवर, घामाने निथळत, टीव्हीसमोर. एकेक गाणं होत गेलं. शेवटून दुसरं झालं. शेवटचं सुरू झालं. कर्टने आवाज वर नेला.

"आणि लाईन गेली ना बाप्पा!" कृषी केंद्रवाले भाऊ अजूनही हे सांगताना टेबलावर हात आपटतात.

लाईन गेली! तिथेच! शेवटच्या कडव्याला! अंधारात चौघे बसून राहिले. कुणी बोललं नाही. लाईन आली तेव्हा पडद्यावर दुसरंच काही चालू होतं. गाणं कसं संपलं ते त्यांना कळलंच नाही. नोव्हेंबरात, १ तारखेला, या मैफिलीचा अल्बम अमेरिकेत निघाला आणि काही काळाने त्याची कॅसेट त्यांच्या हाती पडली. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तो श्वास ऐकला. नुसता ऐकला. डोळे उघडलेले दिसले ते फार पुढे, २००७ साली पूर्ण मैफिलीची डीव्हीडी आली तेव्हा. तोवर चौघांची लग्नं झालेली, पोरं झालेली. "ताई, तुमाले सांगतो," शेतीवाले भाऊ म्हणाले, "तेरा वर्सं मले वाटे, तो डोये मिटूनच गात असन. अन मंग पायलं तं तो आपल्याकडंच पायते."

मी ते वाक्य ऐकलं आणि पुन्हा ते गाणं लावायला लावलं.

पण चौदावं गाणं कळायला आधीची तेरा बघावी लागतात, हे दुसऱ्यांदा बघताना ध्यानात आलं. कारण या मैफिलीतली बंडखोरी आरडाओरड्याची नाहीच. आरडाओरडा तर त्यांनी आधी भरपूर केला होता. १९९१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश टीव्हीवरच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये त्यांना सांगितलं गेलं की वाद्यं वाजवल्याचा नुसता अभिनय करा, संगीत आम्ही टेपवरून लावू, फक्त गा. कर्टने आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं मुद्दाम खर्जात, घोगऱ्या आवाजात गायलं, गिटारच्या तारांना हातही नीट लावला नाही, आणि मागे बाकीचे दोघे वाटेल तसे हात उडवत होते. खोट्याला खोटं म्हणून उघडं पाडलं, तेही त्यांच्याच मंचावर! १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कारांत चॅनेलने एका गाण्याला मनाई केली. यांनी त्याच गाण्याचे पहिले सूर छेडले, आतल्या अधिकाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकवला आणि मग ठरलेल्या गाण्याकडे वळले. त्याच कार्यक्रमात क्रिस्टने बेस गिटार हवेत उंच फेकली आणि ती परत त्याच्याच कपाळावर आदळली. गिटारवाले सर हे सांगताना उठून उभे राहून करून दाखवतात.

अशा बँडला एमटीव्हीने बोलावलं. 'अनप्लग्ड' १९८९ पासून चालू होतं. इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून साध्या लाकडी गिटारवर आपली लोकप्रिय गाणी मोठमोठे कलावंत तिथे गात. एरिक क्लॅप्टनची १९९२ ची मैफिल प्रचंड गाजलेली. तेव्हा साऱ्यांची अपेक्षा एकच: निर्वाणा येणार, 'स्मेल्स लाईक टीन स्पिरिट' हळू चालीत गाणार, सोबत एखादा बडा पाहुणा असणार. ज्या गाण्याच्या जोरावर त्यांच्या 'नेव्हरमाइंड'ने १९९२ च्या जानेवारीत मायकेल जॅक्सनच्या अल्बमला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, ते गाणं तर हवंच ना?

ते गाणं त्यांनी गायलंच नाही! चौदांपैकी खरं म्हणावं असं गाजलेलं गाणं एकच, 'कम ॲज यू आर'. पहिलंच गाणं त्यांनी आपल्या पहिल्या, फारसा कुणी न घेतलेल्या अल्बममधलं निवडलं. चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची. पाहुणे म्हणून कुणाला आणलं? मीट पपेट्स नावाच्या ॲरिझोनातल्या बँडमधले कर्कवुड बंधू. चॅनेलला बडं नाव हवं होतं, आणि हा आणतोय कुणाला तर स्वतःला आवडणाऱ्या दोन भावांना, आणि एक नाही, दोन नाही, त्यांची तीन गाणी त्यांच्याच साथीने गातोय, स्वतः गिटार खाली ठेवून! आपला मंच आहे, आपलं नाव आहे, साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, आणि हा माणूस त्या उजेडात दुसऱ्यांना ओढून आणतो. मला इथे पहिल्यांदा रडू आलं. शेवटच्या गाण्याला तर सगळेच रडतात. मी दहाव्या गाण्यालाच रडले.

आणि तो मंच! कर्टने सजावटीला लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या आणि झुंबर मागितलं. निर्माता अलेक्स कोलेटीने विचारलं, म्हणजे अंत्यविधीसारखं? कर्ट म्हणाला, हो, तसंच. हे ऐकल्यावर मी गप्प झाले. आमच्या चौघांच्या आठवणीत मात्र या मेणबत्त्यांवरून दर वेळी भांडण. दादा म्हणतो पांढऱ्या होत्या, सर म्हणतात काळ्या. शेतीवाल्या भाऊंना मेणबत्त्या आठवतच नाहीत, फुलं आठवतात, आणि त्या घामेजल्या खोलीत आपल्याला फुलांचा वास आला होता असं ते शपथेवर सांगतात. पुन्हा लावून पाहिलं. काळ्याच निघाल्या. दादा अजून मानत नाही, म्हणतो, त्या टीव्हीवर पांढऱ्या होत्या.

डेव्ह ग्रोलची गोष्ट मला फार आवडली. हा माणूस ड्रम असे बडवायचा की हळुवार मैफिलीत त्याचं काय करायचं, हाच सगळ्यांना घोर. कोलेटीने त्याला ब्रश आणि हलक्या काड्या भेट म्हणून दिल्या, छान कागदात गुंडाळून. त्या रात्री ग्रोल त्यावर वाजवतो, आणि काय वाजवतो! इतकी ताकद अंगात असलेला माणूस जेव्हा ती मुठीत धरून ठेवतो, तेव्हा प्रत्येक ठोक्यामागे न मारलेले दहा ठोके ऐकू येतात. माझे बाबा खंजिरी वाजवायचे. भजन रंगात आलं की ते उलट आवाज कमी करायचे, नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवायचे, आणि अख्खा मंडप पुढे सरकायचा. ग्रोलला बघताना मला बाबांची बोटं दिसली.

सरांनी मला आणखी एक गुपित दाखवलं, आणि आता ते मला दर वेळी ऐकू येतं. 'अनप्लग्ड' म्हणजे विजेची वाद्यं नाहीत, असं सगळे समजतात. पण कर्टला आपला ॲम्प्लिफायर आणि आवाज बदलणारे पेडल हवेच होते. त्याशिवाय त्याला उघडं वाटायचं. मग तो ॲम्प्लिफायर मंचावर अशा पेटीत लपवला की बघणाऱ्याला तो कलावंतांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला साधा स्पीकर वाटावा. चौथं गाणं, डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड', नीट ऐका. त्यात गिटारची जी वळसे घेत जाणारी धून आहे, ती लाकडी गिटारची वाटतच नाही, कारण ती त्या लपवलेल्या ॲम्प्लिफायरमधून येते. सर म्हणतात, "नियम मोडला, पण असा मोडला की नियमवाल्यांच्या कार्यक्रमाची शान वाढली." या गाण्याआधी कर्ट श्रोत्यांना सांगून टाकतो की हे गाणं माझ्याकडून नक्की बिघडणार. बिघडत नाही. बोवीचं हे १९७० सालचं गाणं आज कितीतरी लोक कर्टचंच समजतात.

पाचवं गाणं तो एकटा गातो, 'पेनीरॉयल टी'. एकट्याने गायचं की सगळ्यांनी, हे मंचावरच विचारतो, कॅमेरे चालू असताना, आणि सोबतीच म्हणतात, तू एकटाच गा. मधे एक जागा अशी येते की तो अडखळतो, थांबतो की काय असं वाटतं, मग पुढे जातो. ते कापून टाकलं नाही, पुन्हा गायलं नाही. अडखळणं जसंच्या तसं जगापुढे ठेवलं. आज आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरणसुद्धा आम्ही कापून, जोडून, गुळगुळीत करून पालकांना पाठवतो. निर्वाणाची ती तर टीव्हीवरची मैफिल होती हो, अमेरिकेतल्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या संगीत वाहिनीवरची!

मग ते चौदावं. हे गाणंही कर्टचं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं लोकगीत. कुणी रचलं, कुणाला सांगता येत नाही. कर्टने ते घेतलं लेड बेलीकडून. ह्यूडी लेडबेटर हे त्याचं मूळ नाव. लुइझियानाचा काळा माणूस, बारा तारांची गिटार वाजवणारा, आयुष्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात गेलेला. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन हे लोकगीतांच्या शोधात ध्वनिमुद्रणाचं जडशीळ यंत्र मोटारीत घालून फिरत होते. ते लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात पोचले आणि तिथे त्यांना हा माणूस भेटला. तुरुंगातला आवाज मुद्रित झाला, बाहेर आला, १९४९ साली तो माणूस गेला, आणि मरणानंतर जवळपास अर्धशतकाने एका लाकूडतोड्यांच्या गावातून आलेल्या गोऱ्या पोराने त्याचं गाणं जगातल्या प्रत्येक घरात नेलं. गाणं सुरू करण्याआधी कर्ट सांगतो की हा माझा सगळ्यात आवडता कलावंत. त्याची गिटार पाच लाख डॉलरला विकायला निघाली आहे, असंही सांगतो. आता पुढचं ऐका. त्या रात्री कर्टच्या मांडीवर जी गिटार होती, १९५९ सालची मार्टिन, ती जून २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. आणि तो ढगळ स्वेटर, सिगारेटने भोक पडलेला, कधी न धुतलेला, २०१९ साली ३ लाख ३४ हजार डॉलरला!

लेड बेलीबद्दल ऐकताना मला १४ एप्रिलच्या रात्री आठवत होत्या. अमरावतीत त्या रात्री वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं चालतात, पहाटेपर्यंत. गाणाऱ्याचं नाव कित्येकदा आपल्याला ठाऊक नसतं, गीत कुणाचं ते शेवटच्या ओळीतल्या नाममुद्रेवरून कळतं, आणि आवाज फाटला तरी कुणी थांबत नाही. फाटलेल्या आवाजाला आम्ही वाईट म्हणतच नाही. तो तर गाणं मनापासून चाललंय याची खूण. म्हणूनच कदाचित कर्टचा आवाज फाटला तेव्हा मला तो परका वाटला नाही.

आणि गाडगेबाबा. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प बसून ऐकत राहिला. आम्ही अमरावतीचे लोक गाडगेनगरच्या समाधीवर लहानपणापासून जातो. बाबांचं अखेरचं कीर्तन मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज आपल्याला ऐकता येतं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ते गेले. ते कीर्तन मी कितीदा ऐकलंय! ऐंशी वर्षांचा माणूस, वऱ्हाडी बोलीत, साध्या आवाजात लोकांना प्रश्न विचारतो, लोक उत्तर देतात, तो पुन्हा विचारतो. देवाच्या नावावर बकरी कापणाऱ्याला विचारतो, कर्ज काढून सण करणाऱ्याला विचारतो, पोरांना शाळेत न घालणाऱ्याला विचारतो. कुठेही ओरडत नाही. आणि मधेच दम लागतो. बाबा थांबतात, श्वास घेतात, गर्दी थांबते, आणि मग पुढचं वाक्य येतं आणि ते छातीत घुसतं.

कीर्तन कुठे, रॉक कुठे. गाडगेबाबा कुठे आणि कर्ट कोबेन कुठे. दोघांची आयुष्यं, दोघांचे शेवट, काहीच एका तराजूत घालता येणार नाही, आणि मला घालायचंही नाही. पण ऐकणारा कान माझाच आहे ना? त्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे की सगळ्यात बंडखोर माणूस कधीकधी सगळ्यात हळू बोलतो, आणि दोन वाक्यांमधल्या श्वासात त्याचं सगळं बोलणं असतं. मला इंग्रजी शब्द पुरते न कळताही चौदावं गाणं कळलं ते या कानामुळे. हे मला इतकं महत्त्वाचं वाटतंय की मी ते रात्री दोन वाजता दादाला फोन करून सांगितलं होतं.

गाणं संपल्यावर निर्मात्यांनी कर्टला आणखी एक गाणं म्हणायची विनंती केली. त्याने नकार दिला. याच्यावर आता काही गाता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. खरंच आहे. टीव्हीवर दाखवताना त्या मैफिलीतली दोन गाणी वगळली होती, 'समथिंग इन द वे' आणि 'ओ, मी'. म्हणजे आमच्या चौघांनी त्या उन्हाळी रात्री ती पाहिलीच नव्हती. कॅसेटमध्ये ती अचानक वाजली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता! कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले, "मेलेल्या माणसाचं पत्र आल्यासारखं वाटलं." १९९६ साली त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, तेव्हा या चौघांनी गांधी रोडवर जाऊन पेढे वाटले होते. पेढे घेणाऱ्यांनी विचारलं, कोण पास झालं? यांनी सांगितलं, आमचा एक मित्र.

शाळेत मी हे सगळं दहावीच्या वर्गात सांगितलं. पोरं ऐकून घेत होती, आणि मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, मॅडम, एमटीव्हीवर तर आपल्या अमरावतीचा पण होता ना. खरंच की! २०२३ साली 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वात आपल्या गावचा सौरभ अभ्यंकर रॅप करत होता, '१००आरबीएच' या नावाने, समाजाला थेट प्रश्न विचारत. पोरांना त्याचे शब्दच्या शब्द पाठ. ज्या वाहिनीसाठी अकोल्याची चार पोरं आवाज बारीक करून टीव्हीला कान लावून बसत होती, तिथे इथलाच पोरगा उभा राहिला आणि त्याला आवाज बारीक करायची गरज पडली नाही. मी त्या मुलाला म्हटलं, तू मला ते दाखव, मी तुला हे दाखवते. सौदा ठरला.

म्हणून येत्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही मोठ्या खोलीत पडदा लावतोय. आधी 'हसल'मधला रॅप, मग निर्वाणा, पूर्ण, वगळलेल्या दोन गाण्यांसकट. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. अकोल्याहून चौघे सकाळच्या गाडीने येताहेत. दादाने वीज खात्यातल्या माणसाला शोभेल असं सांगून ठेवलंय की लाईनचं बघतो मी, तू काळजी नोको करू. तरी कृषी केंद्रवाले भाऊ बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि इन्व्हर्टर दोन्ही घेऊन येणार आहेत, त्यांचा कुणावरच विश्वास नाही.

फक्त एका गोष्टीवरून फोनवर अजून जोरात भांडण चाललंय. पोरांना आधी लेड बेलीचं मूळ गाणं ऐकवायचं, म्हणजे शेवटी ते ओळखीचं वाटेल, असं सरांचं म्हणणं. शेतीवाले भाऊ म्हणतात, अजिबात नाही, त्यांना काही सांगू नका, पहिल्यांदाच ऐकू द्या. मी शेतीवाल्या भाऊंच्या बाजूने आहे. तुम्हाला यायचं असेल तर या. गाडगेनगरहून रिक्षाने पाच मिनिटं. दारात चपला काढा आणि पुढे येऊन बसा.